जड की हलका? घाटाखालच्या माणसाने रणगाड्याबद्दल सांगितलेल्या चार गोष्टी

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेत असताना मला भाषणाला उभं केलं की माझे पाय लटपटायचे. आज वयाच्या साठीकडे जाताना पुन्हा तीच अवस्था आहे. सव्वीस वर्षं फौजेत काढली, रिसालदार म्हणून निवृत्त झालो, पण समोर आपले सर बसलेत म्हटल्यावर छातीत अजून धडधडतं.

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘सैन्यातील अनुभव’. मी तो थोडा बदलून घेतला, आणि त्याला कारण घडलं. मागच्या महिन्यात आपल्या वर्गातली एक मैत्रीण कर्जत स्टेशनवर भेटली. तिचा धाकटा मुलगा चिलखती दलात भरती झालाय, सध्या अहिल्यानगरला प्रशिक्षण घेतोय. तिने वर्तमानपत्रातलं एक कात्रण पर्समधून काढलं. लडाखसाठी नवा हलका रणगाडा येतोय, त्याची बातमी होती. ती म्हणाली, “तू इतकी वर्षं रणगाड्यात होतास. मला एकच सांग. हलका म्हणजे पत्रा पातळ ना? मग माझ्या पोराला त्यात का बसवायचं?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. लोकल आली आणि ती गेली. आज ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. हे भाषण म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर समजा.

आधी आपल्या स्टेशनपासून सुरुवात करू. लहानपणी आपल्याला वाटायचं की पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात त्या वड्यासाठी. खरं कारण गाडीच्या शेपटाला असायचं. तिथे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं जोडली जायची. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत रेल्वेचं अंतर जेमतेम २८ किलोमीटर, पण घाटात चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. मुंबईहून दिमाखात आलेलं इंजिन या चढाला एकटं पुरं पडत नाही. इंजिन वाईट नसतं. मागचं वजन आणि पुढचा चढ यांचा हिशेब जमत नाही, एवढंच.

आणि नेरळला काय आहे? १९०७ पासून माथेरानला जाणारी दोन फुटी रुळांची गाडी. पाहुणे तिला खेळण्यातली गाडी म्हणतात. पण ती लहान आहे ती डोंगरामुळे. तिथला चढ २० ला १ पर्यंत जातो, वळणं अशी की मोठी गाडी तिथे वळूच शकत नाही. मोठ्या गाडीची ताकद तिथे काही कामाची नाही.

रणगाड्याचा हिशेब हाच आहे. मी टी-७२ चा ड्रायव्हर होतो. वजन सुमारे ४१ टन, इंजिन ७८० अश्वशक्तीचं, म्हणजे टनामागे १९ अश्वशक्ती. टी-९० चं वजन सुमारे ४६ टन, इंजिन १००० अश्वशक्तीचं, टनामागे २१-२२. राजस्थानच्या मैदानात हे रणगाडे वाघासारखे चालतात. पण साडेचार हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. हवा कमी म्हणजे डिझेल नीट जळत नाही, ताकद घटते. त्यात हिवाळ्यात उणे तीस अंश. बॅटरी मरते, तेल घट्ट होतं, सकाळी इंजिन सुरू करणं हेच एक युद्ध असतं.

तरीही २०२० मध्ये, गलवाननंतर, आपल्या जवानांनी टी-७२ आणि टी-९० लडाखला नेले आणि ऑगस्टच्या अखेरीस कैलास रांगेत रेचिन ला, रेझांग ला भागात चढवले. त्या ड्रायव्हर पोरांना माझा सलाम. पण त्याच वेळी समोरच्या बाजूला चिनी सैन्याकडे डोंगरासाठीच बनवलेला टाइप-१५ होता. वजन ३३ टनांच्या आसपास, इंजिन १००० अश्वशक्तीचं, १०५ मिलिमीटरची तोफ. टनामागे ३० अश्वशक्ती. १ ऑक्टोबर २०१९ च्या बीजिंगमधल्या संचलनात तो त्यांनी जगाला दाखवला होता. आपल्याकडे त्या वजनाचा एकही रणगाडा तेव्हा नव्हता.

आता, हे काही आपल्याला नवीन नव्हतं. १ नोव्हेंबर १९४८ ला आपल्या ७ लाइट कॅव्हलरीने साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी खिंडीत रणगाडे नेले. ते होते स्टुअर्ट, वजन १५ टनांच्या आसपास, तोफ अवघी ३७ मिलिमीटरची. वाटेतले पूल कमजोर, म्हणून बुरूज उतरवून ते श्रीनगरला आणले. बालतालपासून पुढे सॅपर्सनी वाट तयार केली. जनरल थिमय्या स्वतः पुढे होते. खिंडीवर बसलेल्या शत्रूला तिथे रणगाडा येईल हे स्वप्नातही वाटलं नव्हतं. मैदानात जो रणगाडा कोणी मोजला नसता, त्याने लेहचा रस्ता उघडला.

१९६२ मध्ये २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे एएन-१२ विमानांतून चुशूलला उतरवले. तेही १५ टनांचेच, म्हणूनच विमानात मावले. १९७१ मध्ये बांगलादेशच्या नद्या-दलदलीत आपल्याकडे पीटी-७६ होते, १४ टनांचे, पाण्यात पोहणारे. नोव्हेंबरमध्ये गरीबपूरला धुक्यात पाकिस्तानचे शॅफी रणगाडे चालून आले तेव्हा ४५ कॅव्हलरीच्या याच पीटी-७६ नी त्यांना मोडून काढलं. मेजर दलजितसिंग नारग झाकण उघडं ठेवून, बुरुजात उभे राहून लढाई चालवत होते. तिथेच ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

इतकं ऐकून कोणालाही वाटेल की हलकाच बरा. थांबा. मला दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर त्या मैत्रिणीला मी अर्धंच उत्तर दिल्यासारखं होईल.

१ सप्टेंबर १९६५, छांब. तेच २० लान्सर्स, तेच एएमएक्स-१३. पण आता डोंगर नव्हता. समोर पॅटन होते, ४५ टनांच्या घरातले, आणि संख्येनेही कितीतरी जास्त. मेजर भास्कर रॉय यांच्या स्क्वॉड्रनने त्यांना तोंड दिलं, काही पॅटन मोडले, मौल्यवान वेळ मिळवून दिला. पण हलक्या रणगाड्याने मोकळ्या जागेत जड रणगाड्यापुढे उभं राहायचं म्हणजे काय, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. शौर्याने पत्रा जाड होत नाही.

म्हणून दोन रणगाडे शेजारी ठेवून ‘कुठला चांगला’ असं विचारणं मला पटत नाही. आधी ‘कुठल्या कामाला’ असं विचारलं पाहिजे. रशियाचा स्प्रुत घ्या. १८ टनांच्या आसपास, आणि त्यावर मोठ्या रणगाड्याची १२५ मिलिमीटरची तोफ. विमानातून छत्रीने टाकता येतो. पण चिलखत इतकं बेताचं की मार खाण्याआधी मारून जागा सोडणं हाच त्याचा बचाव. उलट अमेरिकेने पायदळाच्या मदतीसाठी एम-१० बुकर बनवला. सुरक्षितता वाढवता वाढवता तो ३८ टनांवर गेला. मग विमानातून नेणं अवघड, पुलांवरून नेणं अवघड. शेवटी २०२५ मध्ये अमेरिकी सैन्याने ती योजनाच थांबवली. हलकं काहीतरी हवं म्हणून सुरुवात केली आणि एकेक मागणी चढवत जड करून बसले. लग्नाच्या याद्या करताना आपलं होतं तसंच.

आता आपला जोरावर. डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी मिळून बनवलेला. जुलै २०२४ मध्ये हाजिऱ्याला तो दाखवला, सप्टेंबरमध्ये वाळवंटात चालवला, आणि डिसेंबरमध्ये ४२०० मीटरहून उंच जागी त्याच्या तोफेच्या फैरी झाडून पाहिल्या. वजन २५ टन, इंजिन ७६० अश्वशक्तीचं. टनामागे पुन्हा तीसच! म्हणजे चढाच्या हिशेबात तो टाइप-१५ च्या बरोबरीला आहे, आणि वजनाने आठ टन कमी. तोफ तीच, १०५ मिलिमीटर. ती ४० अंशांहून जास्त वर उचलता येते. माझ्या टी-७२ ची त्याच्या निम्म्यानेही उठत नसे. मैदानात त्याने अडत नाही, पण दरीत उभं राहून कड्यावरच्या शत्रूवर मारायचं असेल तर अडतं. विमानाने नेता येतो, पाणी ओलांडता येतं.

आणि किंमत? ते आठ टन कुठून तरी कमी झालेच ना. त्यातला मोठा वाटा चिलखताचा असतो. टाइप-१५ वर जास्तीचं चिलखत चढवलं की तो ३६ टनांपर्यंत जातो. समोरासमोर उभं राहून मोठ्या तोफेचा गोळा झेलणं हे जोरावरचं काम नव्हे.

इथे मी माझी एक चूक सांगतो. बिकानेरकडे सरावात होतो. कालव्याजवळ वरून कोरडी दिसणारी जमीन होती. कमांडर साहेब म्हणाले, उतरून पाहून ये. मी म्हटलं, “साहेब, टी-७२ आहे, निघून जाईल.” पन्नास पावलं गेलो आणि ४१ टन पोटापर्यंत चिखलात. ओढायला आलेली गाडीही रुतली. रात्रभर आम्ही तिघं तिथेच. सरावात होतो म्हणून वाचलो. खऱ्या लढाईत, त्या जाड पोलादाच्या आत, आम्ही शत्रूसाठी नुसतं निशाण होतो. आजच्या काळात तर वरून ड्रोन आला असता. युक्रेनच्या युद्धात चाळीस-पन्नास टनांचे रणगाडे असेच थांबलेल्या जागी गेले.

आपल्या खालापूर तालुक्यातल्या पोरांना हे नवीन नाही. चावणीजवळची उंबरखिंड सरांनी आपल्याला सहलीला नेऊन दाखवली होती. २ फेब्रुवारी १६६१. करतलबखान मोठी फौज आणि सरंजाम घेऊन कुरवंडे घाटाने उतरला आणि त्या अरुंद खिंडीत अडकला. महाराजांची माणसं वर, झाडीत, हलकी आणि मोकळी. फौजेच्या आकाराचा खानाला काही उपयोग झाला नाही. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने शरण जाऊन सामान टाकून तो सुटला. पण तीच मावळी तुकडी उघड्या मैदानात त्याच फौजेपुढे उभी केली असती तर? महाराजांनी ती तशी उभी केली नाही.

तर बाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, पत्रा पातळ आहे. मी तुला खोटं सांगणार नाही. पण ज्या डोंगरावर तुझा मुलगा कदाचित जाईल, तिथे जड गाडी धापा टाकत उभी राहण्यापेक्षा हलकी गाडी वेळेत हलली तर तो वाचण्याची शक्यता जास्त आहे. मात्र दोन अटी आहेत. वरच्यांनी त्या गाडीला तिचंच काम सांगितलं पाहिजे, मैदानातल्या टी-९० चं नव्हे. आणि मागून पुरवठा, ड्रोनवर नजर ठेवणारे, पायदळ, सगळं सोबत पाहिजे. ज्या जोरावरसिंगांचं नाव या रणगाड्याला दिलंय, त्यांनी लडाख जिंकलं, तिबेटात खोलवर धडक मारली, आणि डिसेंबर १८४१ मध्ये तिथेच, थंडीत, मागचा आधार तुटल्यावर पडले. त्यांचं नाव घ्यायचं तर तो शेवटही लक्षात ठेवायला हवा.

आणखी एक. आपल्यातले कितीतरी जण सकाळची लोकल पकडून अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाईप फॅक्टरीत गेले, खोपोलीच्या पोलाद कारखान्यांत राबले. रणगाडा हा असाच हजार हातांतून तयार होतो. एक पिन ढिली बसली तर पट्टा तुटतो, आणि आत कोणाचं तरी पोर असतं. म्हणून आज इथल्या विद्यार्थ्यांना सांगतो, सरांनी फळ्यावर बल आणि वजनाचं गणित घातलं की कंटाळू नका. मी कंटाळलो होतो. ते गणित मला पुढे चिखलात बसून शिकावं लागलं.

सर, ते गणित तुम्ही बरोबर शिकवलं होतं. चूक माझी होती. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.