चौघींचं एक सुवर्ण



मघाशी रिलेच्या चौघी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आल्या. मला त्यांच्याशी, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं आहे.

१९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी चार गुणिले शंभर मीटर रिलेचं सुवर्ण जिंकलं. त्या संघात वांद्र्याची मेरी डिसूझा होती, पुण्याची स्टेफी डिसूझा होती. जोडीला व्हायोलेट पीटर्स आणि ख्रिस्तीन ब्राऊन. दोन वर्षं आधी मेरीला हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं, तेव्हा पैसे तिच्या मित्रमंडळींनी जमवले होते. आपल्या खाडीपलीकडच्या मुंबईतल्या या मेरीचं नाव आपल्या पोरींना ठाऊक असायलाच हवं.

आणि फक्त शहरातल्याच मुली धावतात असं समजू नका. २०१८ ला जकार्तात चार गुणिले चारशेचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात गुजरातेतल्या डांगच्या खेड्यातली सरिता गायकवाड होती. ती आधी खो-खो खेळायची!

आपल्या चौघी धावतात त्या चार गुणिले शंभरच्या रिलेत वेग लागतोच, पण खरी परीक्षा बॅटन देताघेताना. तीस मीटरच्या पट्ट्यात ते हातातून हातात गेलं पाहिजे, नाहीतर संघ बाद. घेणारी मागे वळून बघत नाही. मागची कुठे पोचली की आपण सुटायचं, ती खूण पावलांनी मोजून ठेवलेली असते. हाक आली की हात मागे. एकीचा वेग वाढला की खूण पुन्हा मोजावी लागते. हा सराव एकटीनं होत नाही.

पालकहो, म्हणून सांगतो. अंधार पडतो, घरी पाहुणे आलेत, लग्नाची बोलणी चाललीत म्हणून एका मुलीला मैदानावरून बोलावून घेतलं, की उरलेल्या तिघींचाही सराव बुडतो. तुमची काळजी खोटी नाही. कंटेनरचे ट्रक धावतात त्या रस्त्यानं पोर घरी येते. पण हे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं गाव आहे. संपादित जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या लढ्यात इथल्या आयाबहिणी रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांच्या नातींना संध्याकाळचा एक तास मिळालाच पाहिजे.

प्राचार्यांना विनंती, मैदानावर तीस मीटरचा पट्टा कायमचा आखून घ्या. आणि चारही घरांनी मुलींना आणायला जायची पाळी आजच ठरवा.