खोडाळ्याची पदवी, हॉटेलचं किचन



फ्लॉईड कार्डोझ मुंबईत वाढले. घराणं मूळचं गोव्याचं. जीवरसायनशास्त्राची पदवी घेतली आणि मग वळले स्वयंपाकाकडे! १९९८ मध्ये न्यूयॉर्कला ‘तबला’ हे रेस्टॉरंट उघडलं, त्याचं किचन त्यांच्याकडे होतं. २०११ मध्ये ‘टॉप शेफ मास्टर्स’ या अमेरिकी स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांनी परीक्षकांपुढे ठेवला आळंबी घातलेला उपमा. जिंकले. पुढे २०१५ मध्ये लोअर परळला सुरू झालेल्या ‘बॉम्बे कँटीन’ने गावरान, मोसमी जिन्नस मानाने ताटात आणले, त्यामागेही तेच होते. मार्च २०२० मध्ये करोनाने त्यांना नेलं.

असे जिन्नस आपल्याकडेही आहेत. आपलं खोडाळा ज्यात येतं तो मोखाडा तालुका पेपरात दिसतो तो बहुधा कुपोषणाच्या, नाहीतर स्थलांतराच्या बातमीत. त्याच तालुक्याच्या वरकस जमिनीत नागली म्हणजे नाचणी, वरई, खुरासणी पिकते आणि पहिल्या पावसाबरोबर रानात शेवळी वर येतात. शेवळीचं वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून काकडाची आंबट फळं घालून शिजवायचं. यात हयगय झाली की घसा खाजलाच. कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घरच्या आजीला स्फटिक ठाऊक नसतील, उतारा पक्का ठाऊक असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं, तेव्हा शहरी मेनूकार्डांवर नाचणी झळकली. इथे तिची भाकरी कधी थांबलीच नव्हती.

पण शेवळी निवडता येते म्हणून कोणी शेफ होत नाही.

मोठ्या हॉटेलात नवा मुलगा किंवा मुलगी ‘कॉमी’ म्हणून लागते. कांदे सोलायचे, पालेभाजी निवडायची, भट्टीशेजारी तासन् तास उभं राहायचं. दिवाळीला जग सुट्टीवर, किचन मात्र दुप्पट कामाला. कॉमीवर शेफ द पार्टी, त्याच्यावर सू शेफ, सगळ्यांवर मुख्य शेफ. ही उतरंड फ्रान्सच्या ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी बसवली. ते स्वतः सैन्याच्या रसोड्यात राबलेले, त्यामुळे हुकूम आणि ‘येस शेफ’चा खाक्या तिथलाच. अंदाजपंचे मीठ इथे चालत नाही. वजनकाटा, प्लेटमागे खर्च, थर्मामीटर. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये रेंगाळलं की जंतू माजतात, हे तोंडपाठ लागतं.

शिकायचं कुठे? आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड असतो. १९५४ साली सुरू झालेली, ‘दादर केटरिंग’ म्हणून ओळखली जाणारी संस्था मुंबईत आहे. तिच्या पदवीला देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लागते. खोडाळ्याहून जाणाऱ्याला खरी अडचण फीपेक्षा मुंबईतल्या राहण्याची पडते. वसतिगृहाची चौकशी प्रवेशअर्जाच्या आधी केलेली बरी, कारण सुरुवातीच्या पगारात खोलीचं भाडं भागवणं जड जातं.