उंची कमी पडते तेव्हा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील बक्षीस समारंभात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी प्राध्यापक, वकील, डॉक्टर बोलतात. मी सरकारी खात्यातला, डिप्लोमा झालेला साधा उपयंत्री. रस्ते-पुलांची मोजमापं घेण्यात नोकरी चालली आहे. पॉलिटेक्निकमध्ये असताना बास्केटबॉल खेळायचो, एवढ्याच भांडवलावर कार्यकर्त्यांनी मला उभं केलंय. आपल्या इंदूरला हा खेळ नवा नाही, रेसकोर्स रोडवरचं कॉम्प्लेक्स सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा त्यावरच बोलतो.

आधी एक कबुली देतो. उन्हाळ्यात माझा चौदा वर्षांचा मुलगा एका निवड चाचणीतून बाहेर पडला. घरी आला तेव्हा मी म्हणालो, "अरे, आपल्या घराण्यात कुणालाच उंची नाही. आता अभ्यासाला लाग." तो काही बोलला नाही. बूट काढून पलंगाखाली सारले. दोन महिने ते तिथेच पडून होते. शेवटी सौ. म्हणाली, "तुम्ही त्याची उंची मोजलीत. खेळ कधी पाहिलात?" मी एकही सामना पाहिलेला नव्हता. उत्तर काय देणार?

त्यानंतर मी स्टीफन करी या खेळाडूविषयी नीट वाचलं. आज तोच तुम्हाला सांगतो.

करी शूटिंग गार्ड म्हणून वाढला. पॉइंट गार्ड चेंडू पुढे आणतो, डाव मांडतो. शूटिंग गार्डचं मुख्य काम बास्केट करायचं. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, या जागेवरचे खेळाडू साधारण साडेसहा फुटांच्या आसपास. करी सहा फूट दोन इंच. आपल्याकडे त्याला ताडमाड म्हणतील, तिथे तो बुटका. शाळेत असताना तर जेमतेम सहा फूट आणि अंगानं काटकुळा.

तो गरिबीतून वर आला असं मी सांगणार नाही. वडील डेल करी स्वतः १६ हंगाम एनबीए खेळलेले. पण वडिलांचं नाव असूनही मोठ्या विद्यापीठांनी त्याला घेतलं नाही. वडिलांच्याच व्हर्जिनिया टेकनं शिष्यवृत्तीशिवाय संघात ये म्हटलं.

त्याचा नेम चांगला होता, पण तो चेंडू खालून, कमरेजवळून उचलून मारायचा. उंच खेळाडू तो सहज अडवणार. शाळेत असतानाच एका उन्हाळ्यात वडिलांनी ती पद्धत मोडायला लावली आणि चेंडू डोक्यावरून सोडायला शिकवलं. येत होतं तेही येईनासं झालं. मुलगा अंगणात रडायचा, पण सराव सोडला नाही. डेल करींनी मुलाची उंची बदलली नाही, चेंडू सुटण्याची उंची बदलली. हे वाचून मला माझं ते वाक्य आठवलं आणि लाज वाटली.

शेवटी नॉर्थ कॅरोलिनामधल्या डेव्हिडसन या लहानशा कॉलेजनं त्याला घेतलं. २००६ मध्ये पहिल्याच सामन्यात त्यानं १३ वेळा चेंडू गमावला. प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांनी त्याला बसवलं नाही. दुसऱ्या दिवशी मिशिगनविरुद्ध त्यानं ३२ गुण केले.

मार्च २००८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत या छोट्या कॉलेजनं गोंझागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिनला हरवलं. गोंझागाविरुद्ध करीचे ४० गुण. जॉर्जटाउनविरुद्ध संघ १७ गुणांनी मागे पडला होता, तिथून जिंकला. मग गाठ पडली कॅन्ससशी. अखेरचे काही सेकंद, दोन गुणांची पिछाडी. दोघे करीवर धावून आले, त्यानं चेंडू मोकळ्या असलेल्या जेसन रिचर्ड्सला दिला. नेम चुकला. ५९-५७ अशी हार. कॅन्सस पुढे विजेते ठरले.

तो रिचर्ड्स संघाचा पॉइंट गार्ड. तो कॉलेज संपवून गेला, तेव्हा करीनं तिसऱ्या वर्षी त्याची जागा घेतली. या उंचीवर एनबीएमध्ये नुसता शूटिंग गार्ड म्हणून टिकणं अवघड, डाव मांडताही आला पाहिजे. नवं काम शिकता शिकता त्या वर्षी देशातल्या कॉलेज खेळाडूंत सरासरी गुणांत तो पहिला आला.

२००९ च्या निवडीत गोल्डन स्टेटनं त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. मिनेसोटानं पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर दोन गार्ड घेतले, त्यात करी नव्हता. पुढे घोट्यानं दगा दिला. २०११ आणि २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. एका हंगामात ६६ पैकी २६ सामनेच खेळता आले. मग त्यानं व्यायाम बदलला, कंबर आणि मांड्या बळकट केल्या, म्हणजे वळताना-थांबताना घोट्यावर भार कमी येईल. आम्ही पुलाचं काम करणारे हे लगेच समजतो: एक खांब कच्चा असेल, तर भार दुसरीकडे वळवावा लागतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चार विजेतेपदं. २०१६ मध्ये सर्वोत्तम खेळाडू म्हणून एकमतानं निवड, तशी आधी कुणाचीच झाली नव्हती. १४ डिसेंबर २०२१ ला २,९७४ वा थ्री-पॉइंटर मारून रे ॲलनचा विक्रम मागे टाकला. आणि अर्धवट राहिलेली पदवी त्यानं २०२२ मध्ये, तेरा वर्षांनी पूर्ण केली. डिप्लोमावर थांबलेल्या माझ्यासारख्याला ही शेवटची गोष्ट जरा जास्त लागते.

पालकहो, प्रत्येक मुलगा करी होणार नाही. माझाही होणार नाही, हे मला कळतं. पण मुलाला "तू कमी आहेस" सांगण्याआधी त्याचा एक सामना पूर्ण पाहावा आणि नेमकं काय कमी आहे ते शोधावं. उंची असेल तर इलाज नाही. डावा हात, पाय, दम, नजर असेल तर इलाज आहे.

महिनाभरापूर्वी मी स्वतः ते बूट पलंगाखालून काढले, पुसले आणि मुलाला म्हणालो, "चल, मी चेंडू उचलून देतो." तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला जमेल का?" गुडघे दुखतात, पण जमतंय. त्याचा डावा हात कच्चा आहे, एवढं मला आता कळलंय. पुढच्या चाचणीत निवड होईल की नाही, सांगता येत नाही. तो मात्र रोज सहाला उठतो.

आज बक्षीस मिळालेल्या मुलांचं अभिनंदन. ज्यांना मिळालं नाही, त्यांच्या आईवडिलांनी आज घरी जाताना वाटेत उंचीचा विषय काढू नये, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!