बाळसे आणि अतिवजन



गुटगुटीत मूल हे आपल्याकडे सुखवस्तू घराचे लक्षण मानले गेले. ज्या काळी गोवर, अतिसार अशा आजारांत मुले हातची जात, त्या काळी अंगावरचे मांस ही दुखण्यासाठी राखलेली शिल्लक होती. त्यामुळे नातवाचे गाल पाहून आजीला वाटणाऱ्या समाधानाला कोणी हसू नये. परंतु तेच वात्सल्य आज डोळ्यांवर पडदा ओढते. मूल स्थूल होत आहे, हे पुष्कळदा घराआधी कापडाच्या दुकानात कळते. दहा वर्षांच्या मुलाला कमरेला बसणारी विजार चौदा वर्षांच्या मापाची निघते आणि पायाशी चार बोटे दुमडावी लागते. आई म्हणते, "वाढते अंग आहे." एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत कंबर दोन मापे आणि उंची एकच माप पुढे गेली, तर मात्र ते निव्वळ वाढते अंग नव्हे.

बाळसे नैसर्गिक आहे. पहिल्या वर्षी बाळ भरते, धावू लागले की उतरते आणि पाच-सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत सडपातळ दिसते. नेमक्या याच वेळी आया घाबरून ताटात तुपाची धार वाढवतात! याउलट चौथ्याच वर्षी अंग पुन्हा भरू लागले, तर सावध व्हावे.

अंदाजाने कापड फाडत नाहीत, तसे मुलाचे वजनही नजरेने ठरवू नये. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १४० सेंटिमीटर आणि वजन ४० किलो असल्यास उत्तर २०.४ येते. प्रौढाला हा आकडा शोभतो. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो अतिवजन दाखवतो. म्हणूनच मुलांसाठी वय व लिंगानुसार स्वतंत्र आलेख असतात. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ साली दिलेल्या ५ ते १८ वर्षांच्या आलेखांत अतिवजन व लठ्ठपणाच्या रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ या आकड्यांशी जुळवल्या आहेत. पाश्चात्त्यांच्या २५ व ३० शी नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले की, पुणे परिसरातील खेड्यांतील नवजात बाळे सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधील ३.५ किलोची असली, तरी आपल्या बाळांच्या अंगातील चरबी त्या मानाने टिकून राहते. वरून किरकोळ दिसणाऱ्या शरीरातही मेद असतो, तो असा. पाच वर्षांवरील मुलाची कंबर शिंप्याच्या टेपने घरीच मोजता येते. ती उंचीच्या निम्म्याहून अधिक भरल्यास बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

काही लक्षणे आढळल्यास तर मुळीच थांबू नये. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमलीसारखी जाड त्वचा दिसली की घरची मंडळी मळ समजून ती घासत बसतात. परंतु शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असू शकते. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे व दिवसा पेंगणे, गुडघा वा खुबा दुखून लंगडणे, वारंवार तहान व लघवी लागणे, मुलीची पाळी अनियमित होणे, ही तशीच कारणे होत. वजन चढते पण उंची खुंटते, तेव्हा ग्रंथींचा विकार तपासावा लागतो. आणि चिडवण्यामुळे शाळेत जाणेच नकोसे झालेले मूलही डॉक्टरांकडे न्यावे. तेही दुखणेच आहे.

शाकाहारी घरात स्थूलता येत नाही, हा भ्रम आहे. फरसाण, मिठाई आणि शीतपेये शाकाहारीच असतात. मात्र मुलाला उपाशी ठेवणे किंवा भावंडांत त्याच्या एकट्याच्या ताटावर पहारा बसवणे अयोग्य होय. वाढत्या वयात अनेकदा वजन स्थिर राखून उंची वाढू देणे पुरते. त्यासाठी साऱ्या घराचे खाणे बदलावे लागते, संध्याकाळच्या शिकवणीतून खेळाला तास काढावा लागतो. वजन उतरवणाऱ्या चूर्ण-गोळ्या स्वतःहून देऊ नयेत.

डॉक्टर रक्तदाब पाहतील, जरूर वाटल्यास रक्तातील साखर, चरबी व यकृताची तपासणी सांगतील. जाताना जन्माचे वजन, लसीकरणाचे कार्ड आणि शाळेतील उंची-वजनाच्या जुन्या नोंदी बरोबर न्याव्यात. वजन कोणत्या वयापासून चढू लागले, हे त्यांना त्यावरूनच समजते.