जिंकणाऱ्याचे येणे आणि हरणाऱ्याचे गाऱ्हाणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पैजेच्या भांडणाचा विषय अभ्यासवर्गात कशाला, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. जुगार हे व्यसन आहे, ते सुटले पाहिजे, एवढे म्हटले की चळवळीचे कर्तव्य संपले, अशी समजूत पूर्वापार चालत आली आहे. परंतु सरकार ज्या दिवशी जुगाराला परवाना देते आणि त्याच्या उलाढालीवर कर बसवते, त्या दिवसापासून तो निव्वळ व्यसनाचा प्रश्न राहत नाही. राज्यसंस्था त्या धंद्यात भागीदार झालेली असते. मग परवानाधारकानेच पैसे बुडवले तर खेळणाऱ्याने दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर देण्याची जबाबदारीही त्या भागीदारावर येते.

आपल्या देशापुरता या प्रश्नाचा कायदेशीर इतिहास अफूपासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात मुंबईच्या व्यापाऱ्यांनी एक पैज लावली. पाटण्याच्या अफूला कलकत्त्याच्या पुढच्या सरकारी लिलावात सरासरी काय भाव येईल, यावर ती होती. पैसे देण्यावरून तंटा झाला आणि तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. इंग्लंडमध्ये १८४५ च्या गेमिंग अॅक्टने पैजेचे करार रद्दबातल ठरवून टाकले होते. मात्र तो कायदा हिंदुस्थानला लागू नव्हता. त्यामुळे १८४८ साली न्यायमूर्तींना नाइलाजाने जुन्या इंग्रजी परंपरेप्रमाणे ही पैज वसूल करता येते असा निर्णय द्यावा लागला. त्याच वर्षी कंपनी सरकारने १८४८ चा एकविसावा कायदा करून ते दार लावून घेतले. अफूची मक्तेदारी कंपनीची, लिलाव कंपनीचा, नफाही कंपनीचा. आणि त्या लिलावाच्या भावावर लागलेल्या पैजेला न्यायालयात जागा नाही असे सांगणारी नीतिमत्ताही कंपनीचीच!

पुढे १८७२ चा करार कायदा आला. त्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार रद्दबातल ठरवला आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले. अपवाद एकच ठेवला. घोड्यांच्या शर्यतीतील विजेत्याला द्यावयाच्या पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या बक्षिसासाठी वर्गणी गोळा केली, तर ती या कलमातून सुटते. साहेबाचे घोडे सुटले, बाकी सगळे अडकले. मुंबई इलाख्यात तर १८६५ चा तिसरा कायदा याहून पुढे गेला होता. पैजेसाठी जाणूनबुजून दिलेले कर्ज, पैज लावून देणाऱ्या दलालाशी केलेला करार, यांनाही त्याने कोर्टाबाहेर काढले. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने घेरूलाल पारख यांच्या खटल्यात हापूडच्या गव्हाच्या वायद्यांवरून झालेल्या तंट्याचा निकाल देताना हा फरक उलगडून दाखवला. पैजेचा करार रद्दबातल असतो, पण त्यामुळे तो बेकायदा ठरत नाही. कोर्ट त्याची अंमलबजावणी करून देत नाही, एवढेच.

हा फरक वकिली बारकाव्याचा वाटेल. पण परवान्याचे सगळे गौडबंगाल याच फटीत दडलेले आहे. परवाना मिळाल्याने धंदा गुन्हा राहत नाही. करार मात्र आपोआप सक्षम होत नाही. म्हणजे परवान्याने धंदेवाल्याला पोलिसांपासून अभय मिळते आणि ग्राहकापासूनही.

इंग्लंडने ही विसंगती दीर्घकाळ सांभाळली. १९६० च्या कायद्याने पैजेची दुकाने अधिकृत झाली आणि मे १९६१ पासून ती रस्तोरस्ती उघडली. १९६६ मध्ये पैजेवर नव्याने कर बसला. तरीही १८४५ चा नियम पुस्तकात जसाच्या तसा होता. दुकान कायदेशीर, कर कायदेशीर, पण जिंकलेल्या कामगाराने चिठ्ठी पुढे केल्यावर बुकीने मान हलवली, तर कोर्ट हात वर करणार. मोठ्या शर्यतशौकिनांसाठी टॅटरसॉल्स कमिटी नावाची पंचायत होती. देणे बुडवणाऱ्याला शर्यतीच्या मैदानावर मज्जाव होऊ शकत असे, आणि त्या जगात प्रतिष्ठा गेली की सगळेच गेले. कोपऱ्यावरच्या दुकानात आठवड्याच्या पगारातून दोन शिलिंग लावणाऱ्याला या पंचायतीचा काय उपयोग? त्याच्यासाठी बऱ्याच उशिरा ‘स्पोर्टिंग लाइफ’ या शर्यतीच्या वृत्तपत्राने ग्रीन सील नावाची तंटा सोडवण्याची सेवा चालवली. ते पत्र बंद पडले त्या वर्षी, १९९८ मध्ये, तिच्यातूनच आयबास ही स्वतंत्र लवादसंस्था उभी राहिली. न्यायालयाने सोडलेले काम एका वृत्तपत्राने करावे, ही गोष्ट पत्रकारितेला भूषणावह असली तरी कायद्याला नाही.

२००५ च्या गॅम्बलिंग अॅक्टने चित्र बदलले. त्याचे ३३५ वे कलम १ सप्टेंबर २००७ पासून अंमलात आले. पैज आहे या कारणाने करार अंमलबजावणीस अपात्र ठरणार नाही, असे त्याने सांगितले. १६२ वर्षांनी कोर्टाचे दार उघडले. त्याच कायद्याने गॅम्बलिंग कमिशन नेमले आणि तक्रारीची पायवाट ठरत गेली. परवानाधारकाकडे लेखी तक्रारपद्धत असलीच पाहिजे. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले पटले नाही, तर ग्राहकाला मान्यताप्राप्त लवादाकडे जाता येते आणि त्यासाठी त्याला एक पेनीही द्यावी लागत नाही. लवादाकडे गेला म्हणून कोर्टाचा हक्क बुडत नाही. खुद्द कमिशन मात्र कोणाचे पैसे मिळवून देत नाही. ते परवान्याच्या अटी मोडल्या का ते पाहते, दंड करते. २०२३ च्या मार्चमध्ये विल्यम हिल समूहाला एक कोटी ९२ लाख पौंडांची किंमत मोजावी लागली. परंतु अशा कारवाईतून एखाद्या तक्रारदाराच्या हाती काही पडेलच, असे नाही. तेथील अनेक लोक पहिल्याच दिवशी कमिशनकडे धाव घेतात आणि निराश होतात. आपल्याकडे मंत्रालयात अर्ज देऊन पोच जपून ठेवणाऱ्यांची आठवण व्हावी.

या वाटेवर सर्वांत मोठा अडथळा असतो बारीक अक्षरांचा. २०१८ च्या जानेवारीत लिंकनशायरमधील एका गृहस्थाने बेटफ्रेडच्या संकेतस्थळावर पत्त्यांच्या खेळात १७ लाख पौंडांहून अधिक रक्कम जिंकली. कंपनीने प्रथम अभिनंदन केले. मग खेळाच्या प्रणालीत दोष होता, आणि दोष असल्यास पैज रद्द होते असे अटींत लिहिले आहे, हे सांगितले. तीन वर्षांनी, एप्रिल २०२१ मध्ये, लंडनच्या उच्च न्यायालयाने साक्षीपुराव्याची संपूर्ण सुनावणी न घेताच त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या अटी इतक्या किचकट आणि अस्पष्ट होत्या की त्यांतून असा अर्थ निघत नाही, आणि निघाला तरी ग्राहकाच्या नजरेस न आणलेली अट त्याच्यावर लादता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. दुसरा खटला पॅडी पॉवर या कंपनीवरचा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ग्लॉस्टरशायरमधील एका बाईंच्या पडद्यावर मोठा जॅकपॉट झळकला: १० लाख ९७ हजार पौंड. हातात पडले सुमारे २० हजार. आमच्या यंत्राने लहान बक्षीस निवडले होते, पडद्यावर चुकून मोठे दिसले, असा कंपनीचा बचाव. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. पडद्यावर दाखवले तेच ग्राहकाने मानायचे असते. आतल्या यंत्राने काय निवडले ते त्याला कसे कळणार?

प्रामाणिकपणाची अपेक्षा दोन्ही बाजूंनी असते, हेही खरे. फिल आयव्ही या नामांकित खेळाडूने २०१२ साली लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत ७७ लाख पौंड जिंकले ते पत्त्यांच्या पाठीवरील नक्षीतील सूक्ष्म फरक हेरून, आणि पत्ते सोयीचे फिरवून घेऊन. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फसवणूक ठरवली आणि त्याला काही मिळाले नाही.

येथवर सगळी कथा जिंकणाऱ्यांची झाली. परंतु जुगारात जिंकणारे किती आणि हरणारे किती, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. धंदा चालतो यातच ते आले. हरणाऱ्याचे गाऱ्हाणे वेगळे असते. ‘माझी पैज चुकीची मोजली’ असे तो म्हणत नाही. ‘माझी पैज तुम्ही घ्यायलाच नको होती’ असे म्हणतो. ग्रेहाउंड कुत्र्यांना शर्यतीसाठी तयार करणाऱ्या एका प्रशिक्षकाचा खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. आपल्याला जुगार आवरत नाही, आपले खाते बंद ठेवा, असे त्याने विल्यम हिलला स्वतः सांगितले होते. कंपनीने मान्य केले, पण पाळले नाही. तो पुन्हा खेळला आणि २० लाख पौंडांहून अधिक हरला. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने आणि नंतर अपील न्यायालयाने कंपनीचे चुकले हे मान्य केले. पण हा मनुष्य दुसऱ्या बुकीकडे जाऊन कंगाल झालाच असता, असा तर्क लढवून त्याला भरपाई नाकारली. गळ्यापर्यंत बुडालेल्याला ढकलले तर ढकलणाऱ्याचा दोष नाही, कारण तो बुडणारच होता!

या निकालानंतर इंग्लंडात काही सुधारणा झाल्या. १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने पैज लावण्यास बंदी आली. त्याच वर्षी ऑनलाइन परवानाधारकांना गॅमस्टॉप ही सामाईक नोंदणी सक्तीची झाली; तीत एकदा नाव घातले की सर्वांनीच दार बंद करायचे. तरीही पैज घ्यायला नको होती, या तक्रारीचा निवाडा लवादाच्या कक्षेत सहसा येत नाही. ही उणीव ब्रिटिश सरकारनेच एप्रिल २०२३ च्या श्वेतपत्रिकेत मान्य केली आणि तिच्यासाठी लोकपालाची कल्पना मांडली.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, तो अंमलात कधी आणलाच नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्यात मात्र १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यातच दुरुस्त्या करून १९९० च्या दशकात पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आणि पाण्यावर तरंगते कॅसिनो आणले गेले. पणजीला मांडवीत त्या बोटी उभ्या आहेत. कोल्हापूर, बेळगाव, पुण्याहून माणसे तेथे जातात. सरकारला शुल्क मिळते, कर मिळतो. पण करार कायद्याच्या ३० व्या कलमात ‘परवानाधारकाशी लावलेली पैज वगळून’ असे शब्द कोठेही नाहीत. बोटीवर जिंकलेल्याला पैसे नाकारले, तर हेच कलम त्याच्या तोंडावर फेकले जाईल.

मग ब्रिटिशांप्रमाणे पैज सरसकट वसुलीयोग्य करावी काय? येथे घाई करून चालणार नाही. २००७ नंतर इंग्लंडात जिंकणारा कोर्टात जाऊ शकतो, तसा कॅसिनोवालाही हरणाऱ्याच्या मागे कोर्टात जाऊ शकतो. आपले ३० वे कलम जिंकणाऱ्याला नाडते हे खरे. पण जुगारात हरलेल्या मजुराच्या घरावर जप्ती आणू पाहणाऱ्यालाही तेच रोखून धरते, आणि १८६५ च्या कायद्याचा रोख तर जुगारासाठी जाणूनबुजून कर्ज देणाऱ्या सावकाराकडेच होता. ही ढाल टाकून देणे मूर्खपणाचे ठरेल. मागणी एकेरी असली पाहिजे: सरकारी परवान्यावर चालणाऱ्या धंद्याविरुद्ध ग्राहकाला दावा लावता यावा, ग्राहकाविरुद्ध त्या धंद्याला लावता येऊ नये. ज्याने नियम लिहिले, यंत्र बसवले आणि शक्यतांचे गणित आपल्या बाजूने मांडले, त्याला आणि पगाराच्या पाकिटातून खेळणाऱ्याला समान पक्षकार मानणे ही समता नव्हे. आणि ज्या सरकारला एवढेही करणे जमत नसेल, त्याने परवाने देऊ नयेत, शुल्कही घेऊ नये.

मोबाइलवरील पैशाच्या खेळांचा अनुभव ताजा आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम करून स्वयंनियमन संस्था आणि तक्रार अधिकारी यांची चौकट कागदावर मांडली. त्या संस्था प्रत्यक्षात उभ्या राहिल्याच नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के कर मात्र वेळेवर सुरू झाला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने असे खेळ चालवण्यावरच बंदी घालणारा कायदा केला. त्या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे; खेळणाऱ्याला नाही. वस्तीतली पोरे गुन्हा अंगावर येईल या भीतीने अडकलेल्या पैशाबद्दल तोंड उघडत नाहीत, म्हणून ही गोष्ट त्यांना मुद्दाम सांगितली पाहिजे. खात्यात भरलेली पण कोणत्याही पैजेवर न लावलेली रक्कम ही जिंकलेली रक्कम नव्हे. ती परत मागताना ३० वे कलम आड येत नाही, असा युक्तिवाद भक्कमपणे करता येतो. त्यासाठी कागद हवेत: पैसे भरल्याची बँकेची नोंद, खात्याचा उतारा, त्या दिवशी लागू असलेल्या अटी, पडद्याचे तारीख-वेळेसह छायाचित्र, आणि कंपनीला लेखी मागणी केल्याचा पुरावा. ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे, आणि खेळाच्या नावाखाली सरळ लूटच झाली असेल तर सायबर गुन्ह्यांचा १९३०. दूरध्वनी करण्यापूर्वी अॅप काढून टाकू नये. हिशेबाचा उतारा पुष्कळदा त्यातच असतो.