गाण्यामागचा ऑर्गन

बालगंधर्वांचं जुनं ध्वनिमुद्रण लागलं, की एकदा गाण्याच्या मागे कान द्या. सारंगीसोबत एक भरदार, अखंड सूर ऐकू येतो. तो ऑर्गनचा. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर आणि थिरकवाँसाहेब तबल्यावर. केवढी ही साथ!

विलायतेत मूकपटांच्या थिएटरांत नळ्यांचे अजस्र ऑर्गन होते. आपल्या रंगमंचापुढे आला तो धातूच्या स्वरपट्ट्यांचा, आटोपशीर. हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो; ऑर्गनमध्ये मात्र पायट्यांनी हवा आत ओढली जाते. त्यामुळे सूर मऊ, गोलसर लागतो आणि वादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात हा नाद नटाच्या गळ्याला मोठा आधार होता.

पण ऑर्गनच्या पट्टीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. गायकाची लवचीक तान ठरलेल्या स्वरांतून सावलीसारखी धरायची, हे फार अवघड. ऑर्गनवादक गोविंदराव पटवर्धनांनी ते असं साधलं, की छोटा गंधर्व, राम मराठे यांच्या गाण्यासोबत रसिक त्यांची साथही कान लावून ऐकत.