मुद्रा आणि स्वभाव



चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचा मोह जुनाच आहे. १८३१ साली ‘बीगल’ जहाजाचा कप्तान फिट्झरॉय तरुण चार्ल्स डार्विनला नाकारण्याच्या बेतात होता. कारण काय, तर अशा नाकाच्या माणसाअंगी सफरीस लागणारी जिद्द असेल, असे त्याला वाटेना! डार्विनने ती सफर जवळजवळ पाच वर्षे निभावली. पुढे १८७२ साली त्याने भावमुद्रांवर ग्रंथ लिहिला. त्याचा विषय होता चेहऱ्यावर उमटणाऱ्या भावना, नाकाची ठेवण नव्हे.

मुद्रा त्या घटकेचे मन सांगते. स्वभाव सहवासातच उलगडतो. सभेत अबोल बसणारा गर्विष्ठच असतो असे नाही. कदाचित संकोची असेल. म्हणून वाचनालयात येणाऱ्या अनोळखी वाचकाविषयी मत बनविण्यापूर्वी त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, एवढीच विनंती.